चिखलात ताकद कुठून येते, हे शोधणारा माणूस : कार्ल टेरझागी

मे महिन्यात पडेगावहून मिटमिट्याच्या दिशेनं निघा. जिथं काळी माती उघडी दिसेल तिथं जरा थांबा. जमिनीला इतक्या रुंद भेगा पडलेल्या असतात की बोटं सहज आत जातात. एखादं ढेकूळ उचलून दगडावर आपटलं तरी पटकन फुटत नाही. आता त्याच जागी जुलैत या. पाय वर येतो आणि चप्पल चिखलातच राहते.

माती तीच, जागा तीच. बदललं फक्त पाणी.

हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. पण पाण्यामुळे मातीची ताकद नेमकी किती कमी होते, कशी कमी होते आणि ते आधीच कागदावर मांडता येतं का, हे जगाला शंभर वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हतं. इंजिनिअर लोक लोखंडाचा पूल शेवटच्या खिळ्यापर्यंत मोजायचे, पण तो ज्या मातीवर उभा राहणार तिच्याबाबतीत अनुभव आणि अंदाज यांवरच भिस्त असायची.

ते गणित मांडणारा माणूस म्हणजे कार्ल टेरझागी. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा, सॉइल मेकॅनिक्सचे जनक कोण? हेच नाव येईल. पण परीक्षेतल्या एका मार्काच्या पलीकडे हा माणूस फारसा कुणाला माहीत नसतो. आणि आज शहरांतला टाकाऊ चिखल चुना-सिमेंट घालून वापरात आणायची चर्चा होते तेव्हा त्या चर्चेचा पायाही त्यांनीच घातलेला असतो.

लष्करी घरातला मुलगा

२ ऑक्टोबर १८८३ रोजी प्राग शहरात कार्लचा जन्म झाला. तेव्हा प्राग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. वडील लष्करात अधिकारी. ते निवृत्त झाल्यावर कुटुंब ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात राहायला गेलं. मुलगाही सैन्यातच जाणार असं घरात गृहीत धरलेलं होतं, म्हणून लहान वयातच कार्लची रवानगी लष्करी निवासी शाळेत झाली.

पण कार्लचं मन रमलं ते गणितात, भूगोलात आणि डोंगर-दऱ्यांत. पुढे ग्राझच्या तांत्रिक विद्यापीठात त्यानं मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. कॉलेजात पठ्ठ्या शांत नव्हता. मस्ती, दारू, भांडणं असं सगळं झालं आणि एकदा तर विद्यापीठातून काढून टाकण्याची वेळ आली. एका प्राध्यापकानं बाजू घेतली म्हणून तो वाचला. १९०४ मध्ये पदवी मिळाली.

पदवी यंत्रांची, पण ओढ जमिनीची. सक्तीची लष्करी सेवा करता करता त्यानं भूगर्भशास्त्रावरचं एक इंग्रजी पुस्तक जर्मनमध्ये आणलं. मग बांधकाम कंपनीत नोकरी धरली. क्रोएशियात जलविद्युत प्रकल्प, रशियात सेंट पीटर्सबर्गची कामं. प्रत्येक साइटवर त्याला एकच गोष्ट छळायची. वरचं बांधकाम हिशोबात बसतं, खालची माती मात्र मनाला येईल तशी वागते. कुठं इमारत खचते, कुठं भिंत सरकते, कुठं बांधाखालून पाणी फुटतं. आणि कुणालाच कारण धड सांगता येत नाही.

१९१२ मध्ये तो अमेरिकेला गेला. तिथं मोठमोठी धरणं उभी राहत होती. त्यांच्या नोंदी जमवल्या, आतल्या मातीची माहिती लिहून काढली, की नियम आपोआप सापडेल असा त्याचा समज होता. दीडेक वर्ष तो साइटमागून साइट हिंडला. नियम काही सापडला नाही. एकच शब्द वापरून दोन जागचे इंजिनिअर दोन वेगळ्या मातींबद्दल बोलत होते. कुणाची चिकणमाती म्हणजे घट्ट, कुणाची म्हणजे लोण्यासारखी. हिरमुसला होऊन तो युरोपात परतला. पण एक गोष्ट पक्की कळली होती. मातीची नुसती वर्णनं लिहून भागणार नाही, ती मोजायला लागेल.

सिगारच्या खोक्यांची प्रयोगशाळा

पहिलं महायुद्ध सुरू झालं. टेरझागी आघाडीवर गेले, नंतर हवाई दलात त्यांनी काम केलं. १९१६ मध्ये त्यांना इस्तंबूलच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला पाठवलं गेलं. तुर्कस्तान तेव्हा ऑस्ट्रियाच्या बाजूनं लढत होता.

१९१८ मध्ये युद्ध हरलं आणि टेरझागींची नोकरी गेली. साम्राज्यच उरलं नाही, तर पगार कोण देणार? इस्तंबूलमधल्याच रॉबर्ट कॉलेज या अमेरिकी संस्थेनं त्यांना कमी पगारावर ठेवून घेतलं. पैसा नाही, उपकरणं नाहीत. मग त्यांनी कॉलेजच्या भंगारातून सामान गोळा केलं. सिगारची रिकामी खोकी आणि हाताला लागेल ती मोडकी वस्तू घेऊन मातीवर दाब द्यायची आणि ती किती दबते हे मोजायची साधनं जुळवली.

तिथं ते दिवसच्या दिवस एकच काम करत. ओल्या चिकणमातीचा छोटा तुकडा घ्यायचा, त्यावर वजन ठेवायचं आणि बघत बसायचं. तुकडा लगेच दबत नसे. हळूहळू, तासन् तास दबत राही. का?

या प्रश्नाच्या उत्तरातूनच पुढचं सगळं शास्त्र उभं राहिलं.

ओल्या स्पंजची गोष्ट

समजा, पाण्यानं टच्च भरलेला स्पंज तुम्ही एका डब्यात अगदी घट्ट बसवला. वर झाकण ठेवलं आणि झाकणाला सुईएवढं भोक पाडलं. आता झाकणावर वजन ठेवा. पहिल्या क्षणी ते वजन कोण पेलतं? स्पंज नाही, पाणी. कारण पाणी दबत नाही. मग भोकातून पाणी थेंब थेंब बाहेर यायला लागतं. जसजसं पाणी निघतं, तसतसा स्पंज दबतो आणि भार त्याच्या अंगावर येतो.

ओली माती हुबेहूब अशीच वागते. मातीचे कण एकमेकांना टेकलेले असतात, मधल्या पोकळीत पाणी असतं. वरचा भार दोघांत वाटला जातो. कणांनी पेललेला वाटा म्हणजे मातीची खरी ताकद, कारण कण एकमेकांवर दाबले गेले तरच ते घसरायला विरोध करतात. पाण्यानं पेललेला वाटा काहीच कामाचा नाही. पाणी घसरण अडवू शकत नाही.

म्हणून टेरझागींनी सूत्र मांडलं : एकूण भारातून मधल्या पाण्याचा दाब वजा करा. उरेल तेवढ्याच जोरावर माती उभी असते. इंजिनिअर याला इफेक्टिव्ह स्ट्रेस म्हणतात. सूत्र शाळेतल्या वजाबाकीएवढं सोपं, पण पावसाळ्यात कडा का कोसळतात, इमारत बांधल्यावर वर्षानुवर्षं का खचत राहते, याची किल्ली त्यात आहे.

त्यांनी पाणी निघायला किती वेळ लागेल याचंही गणित मांडलं. चिकणमातीचा थर दुप्पट जाड असेल तर वेळ दुप्पट नाही, चौपट लागतो. १९२३ मध्ये हा सिद्धांत प्रसिद्ध झाला. १९२५ मध्ये व्हिएन्नात त्यांचं जर्मन पुस्तक आलं आणि मातीचं इंजिनिअरिंग हे स्वतंत्र शास्त्र म्हणून उभं राहिलं.

बोस्टनचा हिवाळा आणि फुगणारे रस्ते

त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीनं टेरझागींना बोलावून घेतलं. तिथं त्यांच्या हाताखाली आर्थर कॅसाग्रांडे नावाचा तरुण ऑस्ट्रियन इंजिनिअर आला. अमेरिकेच्या ईशान्येला तेव्हा एक जुनाट दुखणं होतं. हिवाळ्यात रस्ते वर फुगायचे आणि वसंत ऋतूत बर्फ वितळला की त्याच रस्त्यांत गाड्या रुतायच्या.

सगळ्यांना कारण सोपं वाटायचं. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून रस्ताही फुगत असणार. पण हिशोब जुळेना. जमीन ९ टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त वर उचलली जात होती.

याच काळात स्टीफन टेबर या अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञानं एक भन्नाट प्रयोग केला. त्यानं मातीत पाण्याऐवजी बेंझिन भरलं आणि ते गोठवलं. बेंझिन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरीही माती वर उचलली गेली! म्हणजे खरं कारण पाण्याचं फुगणं नव्हतं. गोठणारा थर खालून आणखी द्रव ओढून घेत होता. मातीत बर्फाच्या चकत्या तयार होतात आणि दिव्याची वात तेल ओढते तशा त्या खालचं पाणी ओढत जाड होत जातात. जाड वाळूत ही ओढच नसते. अगदी बारीक चिकणमातीत ओढ जबरदस्त, पण पाणी फार सावकाश सरकतं. मधली, गाळासारखी बारीक माती सगळ्यात वाईट.

कॅसाग्रांडेंनी १९२८-२९ च्या हिवाळ्यात न्यू हॅम्पशायरच्या रस्त्यांखाली काय घडतं ते पाहिलं आणि कोणती माती गोठण्याला बळी पडेल याची कसोटी दिली. ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण किती, यावर ती बेतलेली आहे. लहान-मोठ्या कणांच्या मिश्र मातीत असे कण ३ टक्क्यांहून जास्त असतील तर सावध व्हा, असं ती सांगते.

आणि वितळताना काय होतं? इथं टेरझागींचं सूत्र लागू पडतं. वरचा बर्फ आधी वितळतो, खालची जमीन अजून गोठलेलीच असते. वितळलेल्या पाण्याला खाली जायला वाट नसते. मधल्या पाण्याचा दाब चढतो, वजाबाकीत उरलेली ताकद जवळपास शून्यावर येते, आणि रस्त्याचा चिखल होतो. म्हणजे गोठण्यानं रस्ता वर उचलला जातो, पण गाड्या रुततात त्या वितळण्यामुळे.

व्हिएन्नातलं काळं पान

एमआयटीत असतानाच टेरझागींची रूथ डॉगेट या भूगर्भशास्त्राच्या अभ्यासक तरुणीशी ओळख झाली. पुढे दोघांनी लग्न केलं आणि रूथ आयुष्यभर त्यांच्या कामातल्या सोबतीही राहिल्या. १९२९ मध्ये टेरझागी व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक म्हणून परतले.

त्याच विद्यापीठात पॉल फिलुंगर नावाचे मेकॅनिक्सचे प्राध्यापक होते. धरणाच्या दगडी भिंतीतल्या पाण्याच्या दाबाचा अभ्यास त्यांनी टेरझागींच्याही आधी केला होता. टेरझागींचा सिद्धांत गणिताच्या दृष्टीनं कच्चा आहे असं त्यांचं मत होतं. वाद शास्त्रापुरता राहिला नाही. १९३६ मध्ये फिलुंगर यांनी एक पुस्तिका छापली आणि तीत टेरझागींवर वैयक्तिक आरोपही केले. विद्यापीठानं चौकशी समिती नेमली. समितीचा कौल टेरझागींच्या बाजूनं गेला. मार्च १९३७ मध्ये फिलुंगर आणि त्यांच्या पत्नीनं आत्महत्या केली.

टेरझागी वाद जिंकले, पण त्याची फार मोठी किंमत दुसऱ्या एका घरानं मोजली. अनेक वर्षांनी अभ्यासकांनी जुने कागद पुन्हा वाचले. टेरझागींचं सूत्र कामाला येतं हे तर खरंच होतं. पण सच्छिद्र पदार्थांच्या शास्त्रात फिलुंगर यांनी मांडलेल्या काही कल्पना काळाच्या पुढच्या होत्या, हेही मान्य झालं. जनक हा शब्द आपण सहज वापरतो. त्या शब्दामागे कधी कधी अशी विस्मरणात गेलेली माणसं असतात.

१९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळलं आणि त्याच वर्षी टेरझागी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात आले. शिकागोच्या मऊ चिकणमातीतून भुयारी रेल्वे न्यायची होती, तिथं त्यांनी सल्ला दिला. बोगदा खणताना रोज जमिनीची मापं घ्यायची आणि त्याप्रमाणे काम बदलत जायचं, अशी त्यांची रीत होती. कागदावरच्या हिशोबावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, माती काय करते ते बघत राहायचं. इजिप्तच्या आस्वान धरणाच्या सल्लागार मंडळातही ते होते. सोव्हिएत इंजिनिअरांशी मतभेद झाले तेव्हा १९५९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचं निधन झालं. कॅनडात दबणाऱ्या चिकणमातीवर त्यांच्या सल्ल्यानं बांधलेल्या एका धरणाला १९६५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं.

त्याच १९६५ साली पैठणला जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी झाली. सुमारे १० किलोमीटर लांबीचा हा बांध मुख्यतः मातीचा आहे. मातीच्या बांधातून पाणी किती झिरपेल, आतला दाब किती चढेल, उतार किती ठेवायचा, हे टेरझागींच्या त्या वजाबाकीशिवाय ठरत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या नळाला येणारं पाणी याच बांधाच्या भरवशावर अडलेलं आहे.

मग टाकाऊ चिखलाचं काय?

आता पडेगावात परत येऊ. इथं महापालिकेचा घनकचरा प्रक्रिया प्रकल्प आहे आणि शहराच्या टाकाऊ मालाचं करायचं काय, हा प्रश्न इथल्या लोकांना पुस्तकात वाचायची गरज नाही. कचऱ्याइतकाच मोठा, पण कमी चर्चेतला माल म्हणजे चिखल. नाले उपसताना निघणारा गाळ, पाया खोदताना आणि पायलिंग करताना निघणारा राडा, पाणी शुद्ध करताना तळाशी बसणारा साका. टाकायला जागा नाही, म्हणून जगभर एक उपाय केला जातो. चिखलात चुना, सिमेंट किंवा औष्णिक वीज केंद्रातली राख मिसळायची. चुना-सिमेंट मधलं थोडं पाणी वापरून टाकतं आणि कणांना एकमेकांशी चिकटवतं. काही आठवड्यांत चिखल भरावासाठी किंवा रस्त्याच्या खालच्या थरासाठी वापरण्याइतका घट्ट होतो.

प्रश्न असा की तो घट्टपणा टिकतो का?

थंड प्रदेशात त्याचा शत्रू म्हणजे गोठणं-वितळणं. प्रत्येक फेरीत आतलं पाणी बर्फ होतं, सिमेंटचे नाजूक जोड ताणले जातात, केसासारख्या भेगा पडतात. वितळल्यावर त्या भेगांत आणखी पाणी शिरतं आणि पुढच्या फेरीत भेग मोठी होते. चाचण्यांत बहुधा असं दिसतं की सगळ्यात जास्त ताकद पहिल्या काही फेऱ्यांतच जाते, नंतर घसरण मंदावते. सिमेंट पुरेसं असेल, मिश्रण नीट दाबलेलं असेल, पाणी कमी असेल आणि पहिली थंडी पडण्याआधी ते मुरायला वेळ मिळाला असेल, तर नुकसान कमी होतं.

गंमत म्हणजे हेच गोठणं कच्च्या चिखलाच्या फायद्याचंही ठरतं. तुरटीनं पाणी शुद्ध केल्यावर उरणारा साका जेलीसारखा असतो, त्यातलं पाणी काही केल्या सुटत नाही. थंड देशांत तो उघड्यावर पसरून गोठू देतात. वितळल्यावर त्याचे कॉफीच्या चोथ्यासारखे दाणे होतात आणि पाणी झटकन निथळून जातं. म्हणजे चुना-सिमेंट घालण्याआधी गोठणं मदत करतं, घातल्यावर तेच नुकसान करतं.

आपल्याकडे एवढी थंडी कुठं? लडाख किंवा हिमाचलच्या रस्त्यांना ती आहे, पडेगावला नाही. पण आपल्याकडे तिचा सख्खा भाऊ आहे : भिजणं आणि वाळणं. जूनमध्ये माती फुगते, एप्रिलमध्ये आकसते. भेगा पडतात, पाणी शिरतं, जोड सुटतात. भारतीय मानकांत माती-सिमेंटच्या मिश्रणासाठी या दोन्ही चाचण्या एकाच भागात, शेजारी शेजारी दिलेल्या आहेत. नमुना १२ वेळा गोठवून वितळवायचा किंवा १२ वेळा भिजवून वाळवायचा, दर फेरीला तारेच्या ब्रशनं घासायचा आणि किती माल झडला ते मोजायचं.

त्यामुळे उद्या कुणी सांगितलं की हा रस्ता प्रक्रिया केलेल्या गाळावर बांधलाय किंवा हा प्लॉट अशा भरावावर आहे, तर नुसतं किती मजबूत आहे एवढं विचारून थांबू नका. कोरड्या नमुन्याची ताकद कुणीही दाखवेल. १२ वेळा भिजून वाळल्यावर किती माल उरला, मिश्रण किती दिवस मुरू दिलं आणि पावसाचं पाणी बाहेर जायला वाट कुठं ठेवली, हे तीन प्रश्न विचारा.

इस्तंबूलमध्ये सिगारच्या खोक्यांसमोर बसलेला तो माणूस मातीच्या एका तुकड्याकडे तासन् तास बघत होता, तो याचसाठी. माती आज किती घट्ट दिसते यावर त्याचा भरवसा नव्हता. तिच्यातलं पाणी उद्या कुठं जाणार, हे त्याला आधी मोजायचं होतं.